टीअरड्रॉप ट्रेलरच्या भिंतीत थर्माकोल: नागपूरच्या उन्हात काय टिकतं, काय नाही

भाऊ, प्रश्न वाचला तुमचा. हिंगण्याला चेसिस वेल्डिंग होऊन राहिली, ८ बाय ५ फुटाचा टीअरड्रॉप, म्हणजे गाडीमागे ओढायचा, थेंबाच्या आकाराचा, आत दोघं झोपतील आणि मागच्या झाकणाखाली किचन असा छोटा ट्रेलर, उंची ४ फूट, भिंतीला १८ एमएम प्लाय, आतून थर्माकोल चिकटवायचा आणि त्यावर ती चमकणारी फॉइल. आणि विचारून राहिले की एवढ्यात नागपूरचा मे निघेल का आणि डिसेंबरात पचमढीला कुडकुडावं लागेल का. तं डिसेंबर आरामात निघेल, मे असा नाही निघणार, आणि ज्या पद्धतीनं तुम्ही भिंत बांधायचं म्हणता त्यात वजनही वाया जाईल आणि पैसेही. मी वीसेक वर्षं गाड्यांच्या बॉड्या आणि पफचे, म्हणजे पॉलियुरेथेन फोमचे, डबे बनवण्यात घालवली, स्वतःसाठी आणि दोस्तांसाठी मिळून तीन टीअरड्रॉप केले, त्यातला पहिला सपशेल फसला. म्हणून जरा लांबण लावतो, चहा घेऊन बसा.

पहिले १८ एमएम प्लाय डोक्यातून काढा. आपल्याकडे सुताराला भिंत म्हटलं की १८ च्या खाली हात जात नाही, कारण त्याला कपाट माहीत आहे. टीअरड्रॉपची भिंत कपाटासारखी उभी राहत नाही, ती सँडविचसारखी काम करते. आत ४ एमएम प्लाय, मध्ये २५ एमएम फोम आणि त्याच जाडीच्या लाकडी पट्ट्यांची चौकट, बाहेर ६ एमएम प्लाय, आणि हे सगळं एकमेकाला पूर्ण चिकटलेलं. वजन काढून पाहा, १८ एमएम प्लाय चौरस मीटरला ११ किलोच्या आसपास जातो आणि हे सँडविच चौकट अन् गोंद धरून साधारण ८ किलो. ताकदीला ते कमी नाही, कारण दोन पातळ कातड्या एकमेकांपासून लांब धरल्या की वाकवायला जड जातात, मधला फोम फक्त त्यांना जागेवर धरून ठेवतो. पण हे तेव्हाच, जेव्हा फोम दोन्हीकडून सगळीकडे चिकटलेला असेल. नुसता कोंबून ठेवलेला फोम म्हणजे दोन पातळ प्लाय आणि मध्ये कचरा.

आता उष्णतेचा हिशोब. प्लाय जितकी उष्णता जाऊ देतो त्याच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढी फोम जाऊ देतो. २५ एमएमचा एक्सपीएस बोर्ड, तोच निळा किंवा गुलाबी कडक फोम जो गच्चीवर वॉटरप्रूफिंगवाले टाकतात, तो जवळपास १०० एमएम लाकडाचं काम करतो, चार इंच लाकडाचं. साधा पांढरा थर्माकोल त्याच्यापेक्षा दहा-पंधरा टक्के मागे, म्हणजे उष्णतेच्या बाबतीत काही फार वाईट नाही, पण त्याचे दाणे सुटतात, कडा झडतात, आणि पाणी शिरलं की दाण्यांच्या मधल्या फटीत बसून राहतं. पफ सगळ्यात भारी, पण त्याचे तयार पॅनल दोन्हीकडून पत्रा लावून येतात, संत्र्याच्या कोल्ड स्टोरेजला लागतात तसे, ते गोलाईला वळत नाहीत. म्हणून माझी पसंती एक्सपीएस. बोर्ड बहुतेक १२५० बाय ६०० एमएमचे मिळतात. आणि ग्लासवूल रॉकवूल कोणी सुचवलं तं हात जोडा, घरात ठीक आहे, पण आपल्या रस्त्यांवर हजार किलोमीटर हादरे खाल्ले की ते खाली सरकतं, वरती पोकळी, खाली गोळा, आणि ओलं झालं तं वाळतच नाही.

फॉइलचं एक सांगतो कारण यात सगळेच फसतात. फॉइल उष्णता परत फेकते हे खरं, पण तिच्यासमोर हवेची मोकळी फट पाहिजे. फोम आणि प्लायच्या मध्ये दाबून चिकटवलेली फॉइल म्हणजे ॲल्युमिनियमचा पातळ कागद, दुसरं काही नाही, ती उष्णता पुढे पाठवते आणि गोंदाचा जोडही कमजोर करते. पैसे वाचवा.

आता माझा पहिला ट्रेलर काहून फसला ते ऐका. २०१६ ची गोष्ट. प्लायवर सनमायका लावतात ते पिवळं रबर सोल्यूशन सगळ्यांच्या हाताखालचं, मीही तेच घेतलं, ब्रशनं प्लायला फासलं, फोमवर फासलं, पाच मिनिटं थांबलो, चिकटवलं, वर विटा ठेवल्या. दुसऱ्या दिवशी बोटानं वाजवलं तं पोकळ आवाज. एका कोपऱ्यातून फाडून पाहिलं, फोम आतून वितळून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा झाला होता, काही ठिकाणी नुसती चिकट साय. थर्माकोल आणि एक्सपीएस दोन्ही पॉलिस्टायरीनच आहेत, थिनर, पेट्रोल, ॲसिटोन, त्या सोल्यूशनमधलं सॉल्व्हंट, हे सगळं त्यांना खाऊन टाकतं. हे मला माहीत होतं बरं का, पफचं काम करता करता विसरलो होतो कारण पफ इतक्या लवकर गळत नाही. तीच गत खालून डांबराचा पेंट मारणाऱ्यांची, पेट्रोलियमवाला बिट्युमेन फोमला लागला की तळ गेला. कोणताही गोंद असो, आधी फोमच्या तुकड्यावर फासून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी खड्डा पडला का पाहा. एक तुकडा, एक रात्र, एवढंच लागते.

मग लावायचं काय? तीन रस्ते आहेत. एक, पांढरा वॉटरप्रूफ फेविकॉलटाइप गोंद, स्वस्त, पण त्यातलं पाणी बाहेर पडायला फक्त प्लायचा रस्ता आहे, फोममधून जात नाही, म्हणून दोन-तीन दिवस दाबून ठेवावं लागतं. दोन, पीयू म्हणजे पॉलियुरेथेन गोंद, जो ओलाव्यानं पिकतो, म्हणून फोमवर पाण्याचा हलका फवारा मारायचा, पाणी ओघळू द्यायचं नाही. तो थोडा फुगतो, फटी भरतो, माझा आवडता हाच. तीन, इपॉक्सी, दोन भाग कालवून लावायचा, सगळ्यात मजबूत आणि सगळ्यात महाग. पण नागपूरचं इपॉक्सीशी एक वाकडं आहे. मे महिन्यात दुपारी मी एक किलो एकदम कालवला, पसरवायच्या आधीच डब्यातच पेटल्यासारखा गरम झाला आणि धूर सोडून दगड झाला. उन्हाळ्यात काम करायचंच असेल तं सकाळी सहाला सुरू करा, दहाला बंद, आणि पाव-पाव किलो कालवा, लगेच उथळ ट्रेमध्ये ओता. खरं म्हणजे दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हाच आपल्याकडचा हंगाम, हवा कोरडी, प्लाय फुगलेला नाही, माणूसही वितळत नाही. जुलैत तं हातच लावू नका, आत ओल कोंडून ठेवाल.

गोंद दाताच्या पत्तीनं पसरवा, टाइल लावणाऱ्याकडे असते ती. ब्रशनं कुठे जाड कुठे कोरडं राहते. पॅनल सपाट जमिनीवर आडवंच बनवायचं, उभं नाही. वर वजन म्हणून मी रेतीची पोती ठेवतो, विटांपेक्षा बरी, वजन सगळीकडे सारखं बसतं. खाली जमीन वाकडी असली तं भिंत कायमची वाकडी होईल, म्हणून आधी दोरी ताणून बघा. आणि खाली प्लास्टिक अंथरा, नाहीतर भिंत फरशीला चिकटेल. हसू नका, झालंय एकाचं.

लाकडी पट्ट्यांच्या चौकटीचा मोह आवरा. सुतार दर फुटाला पट्टी मारतो, त्याला मजबूत वाटतं. पण लाकूड फोमपेक्षा चौपट उष्णता सोडतं, भिंतीचा पाचवा हिस्सा लाकडाचा झाला की अख्खी भिंत उष्णता अडवायला साधारण पाव हिश्शानं कमजोर होते. पट्टी फक्त कडेला, दाराच्या चौकटीभोवती, आणि छत जिथे टेकतं तिथे. काहीजण ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप टाकतात हलकं म्हणून, तो तं सरळ उष्णतेचा नळ आहे, थंडीत त्याच्यावरून आत थेंब गळतात, आतल्या प्लायवर रेषा उमटते, बाहेरून मोजता येते कुठे कुठे पाइप आहे ते.

पण एक गोष्ट फोममध्ये लाकडाशिवाय चालतच नाही, ती म्हणजे स्क्रू. फोम स्क्रू धरत नाही. दाराचे बिजागर, आतलं शेल्फ, दिवा, खिडकीची कडा, छताचा पंखा, बाहेर मच्छरदाणी अडकवायचे हुक, जे जे काही लटकणार आहे त्या प्रत्येकाच्या मागे भिंत बंद करायच्या आधी फोम कापून लाकडाचा ठोकळा बसवा. माझ्या दुसऱ्या ट्रेलरला एक ठोकळा विसरलो, तामियाच्या घाटात शेल्फ स्क्रूसकट सुटलं आणि पचमढीला पोचलो तं गादीवर तिखटमीठ-लोणच्याचा सडा. बंद करण्यापूर्वी भिंतीवर मोजपट्टी ठेवून मोबाइलनं फोटो काढा, दोन वर्षांनी ठोकळा नक्की कुठे आहे ते तुम्हाला देव पण सांगणार नाही.

वायर पण याच वेळी. ही गोष्ट कमी लोकांना माहीत आहे म्हणून थांबून सांगतो. आपली साधी पीव्हीसी वायर थर्माकोल किंवा एक्सपीएसला थेट लागून राहिली तं वायरच्या प्लास्टिकमधलं तेलकट द्रव्य हळूहळू फोममध्ये उतरतं, फोम मऊ पडतो आणि वायरचं आवरण कडक होऊन तडकतं. चार-पाच वर्षांनी भिंतीच्या आत शॉर्ट, आणि बाजूला फोम, जो पेटतो. म्हणून वायर कंड्युइट पाइपातून न्या, २५ एमएम भिंतीत २० चा पाइप बसतो, त्यात एक जास्तीची दोरी ओढून ठेवा पुढच्यासाठी. बारा व्होल्ट असला तरी फ्यूज बॅटरीजवळच, हे मी वेगळं सांगायला नको.

आता छताकडे या, कारण नागपुरात खरा मामला छताचा आहे आणि तुम्ही प्रश्नात त्याचं नावच घेतलं नाही. मे महिन्याच्या शेवटी दुपारी सूर्य आपल्या अगदी डोक्यावर असतो, सावली पायाखाली. २३ मे २०१३ ला शहरात ४७.९ डिग्री गेलं होतं, आठवत असेल. त्या दिवसांत बाजूच्या भिंतींना तिरपं ऊन, पश्चिमेची सोडून, पण छताला सकाळी नऊपासून पाचपर्यंत सरळ मार. म्हणून भिंतीत २५ आणि छतात ५० एमएम. ५० चा बोर्ड एकसंध घेऊ नका, गोलाईला वळणार नाही, २५-२५ चे दोन थर घ्या, सांधे एकमेकावर येऊ देऊ नका. जिथे गोलाई घट्ट आहे, म्हणजे समोरच्या नाकाजवळ, तिथे २५ पण मोडतो, मग बोर्डच्या आतल्या बाजूनं दर इंचाला अर्ध्या जाडीपर्यंत करवतीच्या चिरा द्या, आपोआप वळतो. वरच्या कातडीला फ्लेक्सी प्लाय मिळतो, नाहीतर ४ एमएम प्लाय आडव्या रेषेत वळवायचा, ओला फडका टाकून रात्रभर पट्ट्यानं आवळून ठेवायचा, सकाळी अर्धं काम झालेलं असतं. छताच्या आडव्या पट्ट्या भिंतीच्या पट्ट्यांपेक्षा जास्त लागतील, दहा-बारा इंचावर एक, तिथे कंजुषी नको, छतावर कोणीतरी चढणारच.

आणि रंग. ट्रेलर काळा, गडद निळा, मिलिटरी हिरवा, हे सगळं फोटोत छान दिसतं. उन्हात उभ्या काळ्या आणि पांढऱ्या बोनेटला हात लावून बघा, फरक हातालाच कळतो. त्यात पॉलिस्टायरीन पाऊणशे-ऐंशी डिग्रीच्या पुढे मऊ पडायला लागतो, काळ्या पातळ पत्र्याखाली नागपूरच्या उन्हात तुम्ही त्या हद्दीच्या फार जवळ जाता. छत पांढरं, निदान वरचं. बाजूला काय डिझाइन करायचं ते करा.

बाहेरून ॲल्युमिनियम पत्रा लावायचा विचार असेल तं तोही ऐका. आठ फूट पत्रा ५० डिग्रीच्या फरकानं साधारण ३ एमएम लांब होतो, आणि डिसेंबरच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत फरक त्याहून जास्त आहे. पूर्ण चिकटवला तं फुगे येतील, मग उन्हात टणाटण आवाज करतो, झोपलेला माणूस उठतो. कडेच्या पट्टीखाली मोकळा सरकू द्या, मध्ये चिकटवू नका. मला स्वतःला प्लायवर चांगला पेंटच आवडतो, दुरुस्ती सोपी. प्लाय मात्र आयएस ७१० या मानकाचा मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारा, घ्या, निदान आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळतं पाणी सोसणारा, आणि शिक्का स्वतः बघा. लकडगंजात फिरलात तं दर दुकानाचा भाव वेगळा, ‘मरीन’ तं सगळेच म्हणतात, म्हणून छोटा तुकडा मागा आणि घरी तीन-चार तास उकळत्या पाण्यात ठेवा, थर सुटले तं दुकान बदला.

प्लायची कड म्हणजे स्पंजच. पाणी कडेतूनच शिरतं, सपाट भागातून नाही. दाराची कड, खिडकीचं भोक, खालची धार, स्क्रूचं प्रत्येक भोक, सगळं आधी पातळ इपॉक्सीनं पाजा. पैसे कमी असतील तं उकळलेलं जवसाचं तेल, आपल्याकडचंच, पण ते पूर्ण सुकायला आठवडा द्या, आणि जिथे गोंद लागायचा आहे तिथे चुकूनही नको. तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, आपोआप पेटतात, हे खोटं वाटेल पण खरं आहे, पाण्यात बुडवून मग फेका. खिडकीभोवती सिलिकॉनपेक्षा ब्युटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, सिलिकॉनवर नंतर पेंट धरत नाही.

मुंग्या! हे कोणी सांगत नाही. एक्सपीएस त्यांना खायला नाही लागत, पण घर करायला फार आवडतो. अंगणात एक पावसाळा उभा राहिलेला ट्रेलर उघडला, खालच्या भिंतीत बोटाएवढे बोगदे, पांढरा भुसा खाली. कारण एकच, खालच्या कडेला एक भोक सील करायचं राहून गेलं होतं.

आता मे. हे नीट समजून घ्या, कारण इथेच अपेक्षा चुकते. इन्सुलेशन थंड करत नाही, उशीर करतं. दिवसभर उन्हात बंद उभ्या ट्रेलरच्या आत संध्याकाळी बाहेरच्याइतकंच तापलेलं असतं, मग तीच भिंत ती उष्णता रात्री बाहेर जाऊ देत नाही, वरून आत दोन माणसं, झोपेतही एकेक माणूस ७०-८० वॅटच्या बल्बएवढी उष्णता सोडत राहतो. म्हणून उन्हाळ्यात चांगली इन्सुलेटेड पेटी पंख्याविना तंबूपेक्षा वाईट. उपाय तीन, आधी सावली, झाडाखाली लावा, नाहीतर छताच्या अर्धा फूट वर हिरवी नेट किंवा ताडपत्री ताणा, मधून हवा खेळली पाहिजे. मग हवा, खाली एक झरोका आणि वर बाहेर फेकणारा पंखा. आणि मग कूलर, नागपूरकराला कूलर काय शिकवायचा, मेच्या कोरड्या हवेत बाहेर टेकवलेला छोटा कूलर आणि नळीनं आत घेतलेली हवा हे एसीपेक्षा स्वस्त पडतं, फक्त दुसऱ्या बाजूची खिडकी उघडी पाहिजे नाहीतर आत दमट कोंडतं. जुलैत कूलरचा काही उपयोग नाही हे सांगायला नकोच. अंगणात आपण गच्चीवर पाणी मारायचो, खसाच्या ताट्या लावायचो, त्याच अकलेनं विचार करा.

थंडीत उलटं. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ वर आला होता, पचमढी, चिखलदऱ्याला असं अधूनमधून होतं. २५ एमएम भिंतीत दोन माणसं आणि रजई, हीटर लागत नाही. अडचण थंडीची नाही, ओलाव्याची आहे. दोघं रात्रभर श्वासातून अर्धा लिटरच्या वर पाणी सोडतात, ते थंड जागेवर जाऊन बसतं, खिडकीच्या धातूच्या चौकटीवर, स्क्रूच्या डोक्यावर, गादीच्या खाली. रामटेकजवळच्या खिंडसी तलावाला एका पहाटे उशी ओली लागली, मला वाटलं छत गळतंय, तासभर शोधलं. वरचा झरोका दोन बोटं उघडा ठेवा, कितीही थंडी असू दे, आणि गादीखाली लाकडी फळ्या फटीनं मांडा म्हणजे खालून हवा लागते. आत गॅस, शेगडी काही पेटवायचं नाही, कोळशाची तं नाहीच नाही, बंद पेटीत कार्बन मोनॉक्साइड हा जीवघेणा वायू साचतो आणि त्याचा वास येत नाही. स्वयंपाक मागच्या झाकणाखाली, बाहेर उभं राहून.

एक कोरडी गोष्ट राहिली. कायद्यानं ट्रेलर पण मोटार वाहनातच मोडतो, म्हणून पत्रे-प्लाय लावण्याआधीच आरटीओत कागद काय लागतील ते विचारून घ्या, चेसिस वेल्डरची पावती जपून ठेवा.

किती बोर्ड मागवायचे तेही विचारलं होतं. एका बोर्डात पाऊण चौरस मीटर. दोन बाजूच्या भिंती मिळून पाचेक चौरस मीटर, कापाकापी धरून ८ बोर्ड. छत आणि मागचं झाकण वळणासकट सहाएक चौरस मीटर, दोन थरांत १६. दोन जास्तीचे घ्या, गोलाईत पहिला नक्की मोडतो. म्हणजे २६. जमिनीत नको, तिथे गादीच पुरते, नुसती खालून प्लायला पाणी लागू देऊ नका. उरलेले तुकडे फेकू नका, मागच्या किचनमध्ये प्लायच्या खोक्याला आतून लावले की बर्फाचा डबा होतो, माझा त्याच तुकड्यांचा आहे, तामियापर्यंत दूध फाटत नाही.